हुमणीला मार्क किती?

आमच्या उचगावात झेरॉक्सच्या दुकानात पेंग्विन मिळतो. वाघ मिळतो, कांगारू मिळतो, डॉल्फिनसुद्धा मिळतो. रंगीत पाहिजे असेल तर जादा पैसे. दिवाळीची सुट्टी संपली की शाळांना प्रकल्पाचा ताप भरतो आणि दुकानासमोर आई-बापांची गर्दी होते. "नववीचा जीवशास्त्राचा द्या हो एक. निरीक्षण केलेला प्राणी." दुकानदार विचारतो, "कुठला पायजे?" उत्तर येतं, "कुठला बी द्या, पानं तेवढी भरपूर असू देत."

आता मला सांगा, उचगावच्या पोरानं पेंग्विनचं निरीक्षण कुठं केलं? तावडे हॉटेलच्या कोपऱ्यावर? का गांधीनगरच्या कापडबाजारात? पण वहीत 'निरीक्षण' म्हणून मथळा असतो. त्याखाली 'मी केलेल्या निरीक्षणात मला असे आढळले' असं छापलेलं असतं. त्याखाली 'अनुमान', त्याखाली 'निष्कर्ष'. शेवटी पोराची सही, पालकाची सही, शिक्षकाची सही आणि शाळेचा शिक्का. एका खोट्याला तीन साक्षीदार आणि वर मोहोर!

बरं, हे एका पोराचं नाही. एका वर्गात सहा पेंग्विन निघतात आणि सहाही पेंग्विन एकच वाक्य बोलतात. मग सादरीकरणाचा दिवस येतो. पडद्यावर चित्रं सरकतात, पोरगं पडद्याकडं तोंड करून वाचतं, वर्ग टाळ्या वाजवतो आणि जीवशास्त्र संपतं. त्या सगळ्या तासात एकही जीव कुणी बघितलेला नसतो.

मी शेतकरी माणूस. दहावीपर्यंत शिकलो. माझा शिक्षणाशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे. कारण ह्या पोरांतलंच कोणीतरी उद्या कृषी सहायक होणार, कोणी औषधाच्या दुकानात बसणार, कोणी पंचनामा करायला येणार. ज्याला चौदाव्या वर्षी न बघता 'बघितलं' असं लिहायला शिकवलं, तो चाळिसाव्या वर्षी माझ्या बांधावर न येता 'पाहणी केली' असं लिहिणार नाही, ह्याची हमी कोण देतो? चावडीत बसून लिहिलेली पीकपाहणी आम्ही जन्मभर बघितली. वावरात सोयाबीन आणि उताऱ्यावर ऊस. शेवटी सरकारलाही ते पटलं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतात उभा राहा, पिकाचा फोटो काढ, मग नोंद कर. म्हणजे पिकाच्या बाबतीत सरकारला कळलं की जागेवर गेल्याशिवाय लिहिलेलं खरं धरता येत नाही. मग पोरांच्या वहीला वेगळा कायदा का?

आता कोण म्हणेल, आबा, टीका सोपी असते, करून दाखवा. तर करून दाखवलेलं सांगतो.

आमच्या भावकीत एक पोरगी आहे. नववीला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीतच मला म्हणाली, "आबा, औंदा मी दुकानातला प्रकल्प आणणार न्हाई. मला कायतरी खरं बघायचं हाय." मी म्हटलं, "मग हुमणी बघ. आपल्या उसाची मुळं खाऊन ती माजली आहे, तिला एकदा तू वहीत धर."

हुमणी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पांढरी, गलेलठ्ठ, तपकिरी डोक्याची, तीन जोड्या पायांची अळी. हातात घेतली की अर्ध्या चंद्रासारखी वाकते. जमिनीखाली राहून उसाची मुळं खाते. वरून ऊस पिवळा पडतो, वाळतो, आणि बेट धरून ओढलं तर खराट्याच्या काडीसारखं हातात येतं. माळाच्या रानात जी येते तिला शास्त्रात होलोट्रिकिया सेराटा म्हणतात. नदीकाठच्या रानातली वेगळी, ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. नावं अवघड आहेत, पण चार वेळा म्हटली की तोंडात बसतात. आमच्या पोरांना परदेशी फुटबॉलवाल्यांची नावं पाठ होतात, ही का होणार नाहीत?

तर पहिला वळीव पडला आणि पोरगी संध्याकाळी बॅटरी घेऊन बांधावरच्या लिंबाखाली उभी राहिली. पाऊस मुरलेल्या रानातून तांबूस तपकिरी भुंगेरे वर येतात आणि लिंबावर, बाभळीवर बसतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत. पण ते नेमके किती वाजता येतात, हे मला साठी उलटली तरी कधी कुणी विचारलं नव्हतं. तिनं घड्याळ लावून लिहिलं. पहिला भुंगेरा किती वाजता दिसला, जोड्या कधी लागल्या, पानं खायला कधी सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून परत गेली, तर झाडावर एकही नाही! सगळे उजाडायच्या आत जमिनीत परत. पानांची चाळण तेवढी शिल्लक. मला येऊन म्हणाली, "आबा, ही चोरं रात्रपाळीची हायती." हे वाक्य कुठल्या पुस्तकात नाही. ते बघणाऱ्यालाच सुचतं.

मग तिनं काचेच्या बरणीत ओली माती भरली आणि त्यात भुंगेरे सोडले. वर फडकं बांधलं, खायला लिंबाचा पाला टाकला. काही दिवसांनी मातीत साबुदाण्यासारखी पांढरी अंडी सापडली. पुढं दर रविवारी उसाच्या एकाच सरीत हातभर लांब, हातभर रुंद जागा उकरायची, सापडल्या अळ्या मोजायच्या, काडीनं मापायच्या, तारीख घालून लिहायचं आणि माती परत लोटायची. आषाढात तांदळाएवढी दिसणारी अळी भाद्रपदात करंगळीएवढी झाली. गणपतीच्या सुमाराला ऊस पिवळा का पडतो, ह्याचं उत्तर तिच्या वहीतच होतं: अळी मोठी झाली आणि तिची भूक वाढली. दिवाळीनंतर वरच्या थरात अळी सापडेना. खोल उकरलं तेव्हा कोष लागले. कोषातून निघालेला भुंगेरा तिथंच मातीत दडून पुढच्या वळवाची वाट बघतो. वर्षाची एक पिढी. हे सगळं चक्र पोरीनं स्वतःच्या डोळ्यानं बघितलं.

एक गंमत तर मलाही नवी होती. आमच्या उकिरड्यात तशाच पांढऱ्या अळ्या निघतात. शेणखत रानात टाकताना त्या दिसल्या की आम्ही 'हुमणी, हुमणी' म्हणून चेचतो. पोरीनं उकिरड्यातल्या काही अळ्या आणि उसाच्या बुडातल्या काही अळ्या फरशीवर शेजारी शेजारी ठेवल्या. उसातली कुशीवर पडून वळवळत राहिली. उकिरड्यातली चक्क उताणी झाली आणि पाठीवर सरकत चालू लागली! पाय आभाळाकडं आणि चाल पुढं. पुढं एका जाणत्या माणसाला विचारलं तेव्हा कळलं, पाठीवर चालणारी अळी वेगळ्या भुंग्याची. ती कुजकं शेणकाडी खाऊन खत करते, जित्या मुळाच्या वाटेला सहसा जात नाही. म्हणजे चोर सोडून पोलिसपाटलाला मारायचं काम गावोगाव चाललेलं आहे. हे ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. एक फरशी लागते आणि पाच मिनिटं गप्प बसायची तयारी लागते.

आता ह्या प्रकल्पाचं काय झालं ते ऐका. पोरीनं वही हातानं लिहिली. चित्रं पेन्सिलीनं काढली. बरणीत कोष घेऊन गेली. सादरीकरणाला उभी राहिली आणि पडद्याकडं न बघता वर्गाकडं बघून बोलली. वर्गातल्या पोरांनी प्रश्नही विचारले. आणि मार्क मिळाले वीसपैकी अकरा. शेरा असा: 'चित्रे रंगीत नाहीत. मांडणी आकर्षक नाही. पुस्तकाबाहेरील माहिती.' पहिला नंबर पेंग्विनचा आला. शाळेचं नाव मी सांगणार नाही, कारण नाव सांगितलं की बाकीच्या शाळा सुटल्या. हा शेरा एका शाळेचा नाही, तो सगळीकडं पडतो.

'पुस्तकाबाहेरील माहिती' हा गुन्हा कधीपासून झाला? पुस्तकातली माहिती तरी पुस्तकात कुठून आली? कोणीतरी उन्हातान्हात, चिखलात बसून बघितली म्हणूनच ना?

आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. सलीम अली १९३० साली जर्मनीहून शिकून परत आले तर मुंबईतली त्यांची जागाच बंद झालेली. नोकरी नाही म्हणून ते बायकोसंगती अलिबागजवळच्या किहीम गावात जाऊन राहिले. तिथं सुगरण पक्ष्याची घरटी होती. ते रोज बघत बसले. आपल्या भाषेत त्या पक्ष्याचं नावच बाईमाणसाचं. सुगरण म्हटलं की वाटतं मादीच घर विणते. पण सलीम अलींनी बघितलं ते असं: विणतो तो नर. घरटं अर्धं झालं की माद्या येऊन ते पारखतात. एखादीला पसंत पडलं की ती आत राहते, नर उरलेलं काम पुरं करतो आणि मग दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. त्यांच्याजवळ विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती, म्हणून सरकारी खात्यानं त्यांना आधी नाकारलं होतं. पण डोळा होता आणि वही होती. आज त्यांच्या नावानं संस्था आहेत. त्यांची ती वही आमच्या शाळेत आली असती तर? चित्रे रंगीत नाहीत, अकरा मार्क.

आणि साहेबाच्या देशातला डार्विन. मोठमोठे सिद्धांत मांडून झाल्यावर म्हातारपणी त्यानं कशावर पुस्तक लिहिलं? गांडुळावर. १८८१ साली ते निघालं. घरात कुंड्यांत गांडुळं पाळली, त्यांच्यापुढं शिट्टी वाजवली, पिपाणीसारखं वाद्य वाजवलं, पियानो वाजवला. गांडूळ ढिम्म. मग कुंडी त्या पियानोवरच ठेवून सूर वाजवला, तर गांडूळ झटक्यात बिळात. म्हणजे त्याला ऐकू येत नाही, पण हादरा कळतो. म्हाताऱ्या डार्विनला गांडुळापुढं बसायची लाज वाटली नाही. आमच्या नववीच्या पोरांना मात्र हुमणी म्हणजे गावंढळ आणि पेंग्विन म्हणजे विज्ञान!

बघण्यानं पोट भरतं का, असं विचारणारेही आहेत. त्यांना लोकरी माव्याची आठवण करून देतो. २००२ साली हा मावा सांगली जिल्ह्यात दिसला आणि बघता बघता आमच्याकडं पसरला. उसाच्या पानाखाली कापूस पिंजून ठेवल्यासारखा पांढरा थर, वरची पानं चिकट आणि मग काळी. शेतकरी हबकला, फवारण्यांवर फवारण्या मारायला लागला. पण काही लोकांनी पान उलटं करून नीट बघितलं. त्या कापसातच दुसरी एक अळी मावा खात बसलेली. कोनोबाथ्रा तिचं नाव. तिच्या जोडीला मायक्रोमस नावाचा कीटक. मग शास्त्रज्ञांनी सांगितलं, औषध आवरा, ह्या मित्रांना मरू देऊ नका. लोकांनी मित्रकीटक असलेली पानं एका फडातून काढून दुसऱ्या फडात नेऊन अडकवली आणि मावा आटोक्यात आला. ज्यानं पान उलटून बघितलं त्याचा औषधाचा पैसा वाचला. ज्यानं नुसतं दुकानात विचारलं त्यानं शत्रूबरोबर मित्रही मारला. निरीक्षणाची किंमत मार्कात नसते, ती अशी रोकडीत असते.

हुमणीचंही तेच. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते. म्हणजे वळवानंतरच्या चार-आठ रात्रीत लिंब-बाभळी हलवून भुंगेरे गोळा केले आणि रॉकेलच्या पाण्यात बुडवले, तर पुढचं सैन्य पोटातच मारलं. पण हे एकट्या-दुकट्यानं करून उपयोग नाही. भुंगेऱ्याला पंख असतात, त्याला बांध कळत नाही. सगळ्या गावानं एकाच वेळी करायला पाहिजे. आणि भुंगेरे वर आल्याची वर्दी कोण देणार? शाळेतली पोरं देतील की! वीस पोरांनी आपापल्या दारातल्या झाडाखाली उभं राहून नोंद केली, तर ग्रामपंचायतीला फळ्यावर लिहिता येईल: आज भुंगेरे निघाले, संध्याकाळी बाहेर पडा. हा प्रकल्प आणि हेच सादरीकरण.

आता शिक्षकांची बाजू. ती आहे आणि ती खोटी नाही. मास्तर लोकांच्या मागं निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, रोजचे फोटो, रोजची माहिती. एकेका वर्गात साठ-सत्तर पोरं. साठ वह्या वाचणार कधी? कबूल. पण म्हणूनच म्हणतो, चाळीस पानांची वही मागूच नका. चार पानं मागा. चार खरी पानं वाचायला चाळीस खोट्या पानांपेक्षा कमी वेळ लागतो.

दुसरे म्हणतात, खेड्यातल्या पोरांनी काय जन्मभर हुमणीच बघायची? त्यांना जग कळायला नको? कळायला पाहिजे. पेंग्विन जरूर वाचा. बापय पेंग्विन बर्फात पायावर अंडं घेऊन उभा राहतो हे वाचून मलाही नवल वाटलं. पण त्यावर 'वाचन' असं लिहा. 'निरीक्षण' लिहू नका. वाचलेलं वाचलेलं म्हणावं, बघितलेलं बघितलेलं म्हणावं, एवढाच तर विज्ञानाचा पहिला धडा.

तिसरे म्हणतात, आबा, आता उचगावात शेत राहिलंय कुठं? खरं आहे. हायवे आला, प्लॉट पडले, अपार्टमेंटा झाल्या. पण जीव कुठं गेले? ट्यूबलाइटजवळ पाल आहे. ती कुठला किडा धरते, कुठला सोडते, मोजा. कुंडीत गोगलगाय आहे. भिंतीवर कोळी आहे. गच्चीवरच्या फुटक्या बादलीत डासाची अळी आहे, शेपटीकडची नळी पाण्यावर काढून श्वास घेते, हात हलवला की बुडी मारते. तिचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तर आठवड्याला कोरडा दिवस पाळा म्हणतात. ज्या पोरानं हे बरणीत बघितलं, त्याच्या घरातली बादली पुन्हा कधी तुंबलेली राहणार नाही. डेंग्यूच्या शंभर पत्रकांनी जे होत नाही ते एका बरणीनं होईल.

म्हणून माझं सांगणं थोडक्यात असं. जीव एकच घ्या, पण दारातला घ्या. किमान पंधरा दिवस, रोज ठरल्या वेळेला बघा. तारीख, वेळ, ऊनपाऊस लिहा. चित्र हातानं काढा, वाकडं आलं तरी चालेल. त्याला घरातली म्हातारी माणसं काय नाव देतात ते लिहा, मग शास्त्राचं नाव शोधा. मोबाईल शेवटी उघडा, आधी नाही. आणि वहीत एक पान 'मला कळलं नाही' ह्याच्यासाठी सोडा. सादरीकरणाला पाच मिनिटं पुरेत. उरलेला वेळ वर्गाला प्रश्न विचारू द्या. शिक्षकांनी एकच प्रश्न विचारावा: "किती वाजता बघितलंस?" दुकानातल्या पेंग्विनला ह्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली पर्यावरण शिकवा म्हणून सांगितलं, ते वह्यांचा धंदा चालावा म्हणून नव्हे. आणि ह्याच करवीरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते रयतेच्या पोराला स्वतःच्या डोळ्यानं बघता यावं आणि स्वतःच्या हातानं लिहिता यावं म्हणून. सक्ती शिक्षणाची होती, खोट्या सहीची नव्हती.

त्या पोरीची वही माझ्याजवळ आहे. गल्लीतल्या चार शेतकऱ्यांनी ती नेऊन वाचली, त्यातल्या तारखा कॅलेंडरवर उतरून घेतल्या. दुकानातला पेंग्विन अजून कुणी मागायला आलेला नाही.

शेवटचं आई-बापांना. मास्तरांना नावं ठेवायच्या आधी आपली सही बघा. त्या छापील वहीत 'माझ्या पाल्याने हे निरीक्षण स्वतः केले आहे' असं लिहिलेलं असतं आणि खाली तुमच्या नावाची रेघ असते. पोरगं समोर उभं असतं. तुम्ही काय करता ते ते बघत असतं, आणि हे निरीक्षण मात्र ते अगदी नीट करतं. तेव्हा पेन खाली ठेवा. म्हणा, "बाळ, आधी बघून ये, मग सही देतो."